अकोल्याच्या सर्व्हरचा गुन्हेगार

अकोल्यात उन्हाळ्याचे कूलर घरघरू लागले की मला ते प्रकरण आठवतं. शेतकरी मदत पॅकेजची ती वर्षं. पेरणी तोंडावर आलेली असताना इथल्या एका कृषी कार्यालयाच्या सर्व्हरमध्ये व्हायरस शिरला आणि बियाणे वाटपाच्या याद्या पुसल्या गेल्या. गावोगावी बोंब उठली, आम्हा पोलिसांना वरून फोनवर फोन.

कार्यालयप्रमुखांनी तक्रार अर्ज दिला आणि वर तोंडी खबरही पुरवली. "अमरावतीचा कंत्राटी ऑपरेटर आमच्यावर खार खाऊन आहे. त्यानंच मुद्दाम केलं. उचला त्याले."

ऑपरेटर तिशीतला, अंजनगावच्या शिंप्याचा मुलगा. व्हायरस ओळखायच्या खुणांची नवी झिप फाईल अँटिव्हायरस कंपनीकडून रोज येत असे. आम्ही ठाण्यात सराईत चोरांचे फोटो लावतो, तसाच प्रकार. विभागातल्या सगळ्या सर्व्हरवर ती आपोआप उतरावी, उघडावी आणि जुनीच्या जागी बसावी, अशी स्क्रिप्ट त्याने लिहिली होती. सगळीकडे खुणा ताज्या, फक्त अकोल्यात जुन्या. संशयाला एवढं पुरेसं होतं.

"अकोला मुद्दाम वगळलंस?" मी विचारलं.

"काहून वगळीन, साहेब? सगळीकडे एकच स्क्रिप्ट हाय. फाईल अर्धी आली तं ते फेकून देते, जुनी तशीच ठेवते. खराब फाईल बसू नये म्हणून."

"मग तिथेच अर्धी का येते?"

"थेच तं मले समजून नाही राहिलं. दुपारी नेटची लाईन मोकळी रायते म्हणून तवाची वेळ ठेवली. लाईट गेली तरी तिथं यूपीएस हाय."

बाहेर बाकावर त्याचा बाप बसून होता. मला पाहताच उठला. "पोराचा निकाह ठरला हाय, साहेब. अटक झाली तं सोयरे मोडतीन."

खरं कारण समजल्याशिवाय अटक करायची नाही, मग वरून कुणीही ओरडो, हे मी ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्या कार्यालयात जाऊन बसलो. लोडशेडिंगची वेळ झाली. पंखे थांबले, कारकून फायलींनी वारा घेऊ लागले. प्रमुखांच्या केबिनमधला कूलर मात्र मजेत घरघरत होता.

मी त्याची वायर धरून निघालो. ती भिंतीच्या भोकातून शेजारच्या खोलीत, थेट सर्व्हरच्या यूपीएसमध्ये गेली होती. माझ्यादेखत दोन्हींचा भार न पेलून यूपीएस किंचाळला, आणि कूलर व सर्व्हर एकदमच बंद पडले. फाईल रोज अशीच अर्ध्यावर तुटत होती. कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून आलेला व्हायरस जुन्या खुणांना ओळखूच आला नाही.

प्रमुख घाम पुसत म्हणाले, "अकोल्याच्या उनात कूलर तं लागतेच ना, साहेब?"

असा संताप आला! "तुमच्या गारव्यापायी मी एका माणसाला बेड्या घालणार होतो," मी म्हणालो आणि पंचनामा तिथेच केला.

तेव्हापासून मी तक्रारदाराची खोली आधी पाहू लागलो. पण खरा धडा अंजनगावात मिळाला. त्याचा निकाह ठरलेली मुलगीही तिथलीच; तो निर्दोष आहे हे तिच्या वडिलांना सांगायला मी स्वतः गेलो. ते म्हणाले, "आमाले भरोसा होताच, साहेब. पण पोलिसायनं बलावलं, हे साऱ्या मोहल्ल्याले मालूम हाय. सुटला हे त्याईले कोण सांगन?"

मी जीपमधली टोपी काढून डोक्यावर चढवली, ओट्यावर उभा राहिलो आणि हजेरी घेतानाच्या आवाजात सगळ्या मोहल्ल्याला सांगितलं, शिंप्याच्या मुलाने काहीही गुन्हा केलेला नाही.