तो शॉट मी दिला नाही

बीडजवळच्या मांजरसुंब्याच्या चौकात पुण्याची एसटी थांबली तेव्हा अब्बांनी आधी माझी बॅग वर ढकलली, मग मला. त्यांचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान तिथंच, रस्त्याला लागून. अम्मी आली नव्हती. ती घरी मामूंना, म्हणजे तिच्या थोरल्या भावाला, चहावर चहा पाजत होती. ते मला अडवायला निघाले होते, हे पुढं कळलं. पोरीनं गाणं म्हणायला शहरात जाणं त्यांना मंजूर नव्हतं. अब्बा खिडकीपाशी येऊन म्हणाले, "नोकरीला चाललीस असं सांगितलंय मी सगळ्यांला. मला खोटं पाडू नको."

चौकात राहिलेल्या मैत्रिणींनो, आणि माझ्यामागनं पुण्यात येऊन खोल्या करून राहिलेल्या पोरींनो, तुम्हाला माझ्याबद्दल दोन्हीकडून कायकाय ऐकू आलंय. आता माझ्याकडून ऐका.

नोकरी मी खरंच केली. कॉल सेंटरमध्ये ट्रेनिंगला पहिल्याच दिवशी शिकवलं, 'न्हाई' नाही म्हणायचं, 'नाही' म्हणायचं. आठवडाभर 'नाही' म्हणायचे आणि रविवारी कॅफेतल्या माईकवर पोटभर 'न्हाई'. घरात आपण दखनी बोलतो, पण शाळा मराठी, त्यामुळे रॅप मला मराठीतच सुचला. लोक विचारायचे, तू मुसलमान, मग मराठीत कावून? मी म्हणायचे, बीड काय दुबईत हाय का?

चार वर्षांनी मुंबईच्या एका मोठ्या म्युझिक कंपनीनं माझा अल्बम घेतला. नऊ गाणी. पहिलं गाणं त्या एसटीवरचं, आणि त्याचाच व्हिडिओ आधी करायचा ठरला. डायरेक्टरनं शॉट सांगितला: मी बुरखा घालून अंधाऱ्या घरातनं पळत सुटते, हायवेवर येते, बुरखा फाडून फेकते आणि तिथून रॅप सुरू. मी हो म्हणाले. लपवत नाही. इतकी वर्षं वाट बघितली होती, त्यांनी काहीही सांगितलं असतं तरी हो म्हणाले असते.

कपड्यांच्या ट्रायलला त्यांनी तो बुरखा माझ्या अंगावर चढवला. पुढून वेल्क्रो लावलेला, एका झटक्यात निघावा म्हणून. आरशात बघितलं तर अम्मीच उभी. वक्तृत्व स्पर्धेला मला बीडला घेऊन गेलेली, बुरख्यातच मागच्या रांगेत बसून सगळ्यात जोरात टाळ्या वाजवणारी. मी तिथूनच फोन लावला.

"अम्मी, गाण्यात बुरखा काढून फेकायचाय."

"कुणाचा?"

"माझा."

"तू कवा घालतीस?"

मी पुढचं वेल्क्रो सोडवायला लागले.

"मग तो माझा हाय," ती म्हणाली. "मला विचारून फेक."

मी बाहेर येऊन डायरेक्टरला सांगितलं, हा शॉट मी देणार नाही. तो चिडला नाही. समजुतीनं म्हणाला, "लोकांना स्टोरी लागते."

"स्टोरी हाय की. बापानं स्वतः बसमध्ये बसवलं."

"मग व्हिलन कोण?"

"मामू हायेत. त्यांचं मी बघून घेते."

व्हिडिओ रद्द झाला. अल्बम आला तो नुसत्या एका फोटोवर, ना पोस्टर, ना मुलाखती. कंपनीनं दुसऱ्या अल्बमचं नावही काढलेलं नाही. वाईट वाटलं का? लई वाटलं. पण परत विचारलं तरी उत्तर तेच.

अब्बांनी सगळी गाणी दुकानात ऐकली, दुरुस्तीला आलेल्या एका ट्रकच्या केबिनमध्ये. मग फोन आला. "रेडिएटरला वेल्डिंग करत न्हाईत, कथलाचा डाग देतात. तिसऱ्या गाण्यात चुकलीस." बाकी एक शब्द नाही. स्टेजवर मी आता 'डाग' म्हणते.

आणि शॉट नाकारला म्हणून गावात जे म्हणतात ना, पोरीनं आपली इज्जत राखली, त्यांनी जरा थांबावं. तुमच्या इज्जतीसाठी मी काही केलेलं नाही. सातवं गाणं ऐका. आठवीतनं काढून घरात बसवलेल्या पोरी त्यात हायेत, आणि बसवणारेही. माझं तुमच्याशी भांडण हाय, ते मी तुमच्या तोंडावर करीन. ते दुसऱ्या कुणाला भाड्यानं देणार न्हाई.

या ईदला घरी गेलते. जेवायला बसलो, दस्तरखानावर समोर मामू. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"गाणं सोडलं का?"

"न्हाई."

"सातवं माझ्यावर हाय म्हणत्यात."

"हाय."

अम्मीचा वाढता हात थांबला.

"मग नाव कावून न्हाई घेतलं?"

"पुढच्या वेळी घेते, मामू."

पुण्यात कुणीकुणी विचारतं, आता तुझं घर कुठलं. खोली पुण्यात हाय, गाद्या, कुकर, माईक सगळं तिथं. पण ज्याच्यावर गाणं लिहिलं त्याच्यासमोर मांडी घालून बसता येतं, तो विचारतो आणि आपण सांगतो, ते ठिकाण माझ्याकडे एकच हाय, आणि तिथनं मला कुणी उठवू शकत न्हाई. शीरखुर्म्याचं भांडं मामूंच्या पुढ्यात होतं. त्यांनी ते माझ्याकडं सरकवलं नाही. मी हात लांब करून स्वतःच वाढून घेतलं.