वहिनीची रेसिडेन्सी

निम्मं आयुष्य हॉस्पिटलात काढूनही आमच्या वहिनीने पेशंट असा पाहिलाच नव्हता. तिची लॅब तळघरात. वरून रक्ताच्या नळ्या यायच्या, खालून आकडे जायचे. नळीवरच्या पट्टीवर नाव, वय आणि वॉर्ड, तेवढीच तिची माणसांशी ओळख. एखादा आकडा जरा वेगळा आला की ती म्हणायची, "पुन्हा बघू." लॅबमध्ये तिचं नावच 'पुन्हाबघू' पडलं होतं.

चाळिशी उलटल्यावर तिने लॅबच्याच विषयात डॉक्टरेट करायचं मनावर घेतलं. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, म्हणाला, "कर की. घरात कुणीतरी शिकलेलं हवंच." अभ्यास झाला, परीक्षा झाल्या, आणि घोडं अडलं ते रेसिडेन्सीपाशी, म्हणजे वर्षभराच्या प्रत्यक्ष कामापाशी. त्या वर्षात लॅबची खुर्ची सोडून वॉर्डात जायचं, डॉक्टरांबरोबर राउंडला फिरायचं, कोणती तपासणी करावी, कोणती नको, आलेल्या आकड्याचा अर्थ काय, हे तिथल्या तिथे सांगायचं.

आदल्या संध्याकाळी चहा घेताना ती आईला म्हणाली, "उद्यापासून मी वर जाणार."

"असलं अभद्र बोलू नये," आई म्हणाली.

"वर म्हणजे तिसऱ्या मजल्यावर हो."

पहिल्याच दिवशी फजिती झाली. वॉर्डाचे मोठे डॉक्टर चालायचेही भरभर आणि बोलायचेही भरभर. एका खाटेपाशी थांबून त्यांनी विचारलं, "हा पोटॅशियमचा आकडा खरा धरायचा का?" वहिनीने मुळापासून सुरुवात केली. रक्त कसं काढतात, नळी कशी न्यायला हवी, वाटेत ती हिंदकळली तर काय होतं. मान वर केली तेव्हा सगळी मंडळी दोन खाटा पुढे गेली होती. ऐकायला उरला होता फक्त पेशंट. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "समजलं. मग मी जेवू का?"

ती नर्सला विचारायला गेली.

हे तिने घरी साभिनय सांगितलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. आई मटार सोलत होती. ती म्हणाली, "तुझं नमनालाच घडाभर तेल जातं. एक शेंग सोलून होईपर्यंत काय ते सांगून टाक." मग रोज संध्याकाळी तालीम सुरू झाली. वहिनी बोलायची, आई टरफल टाकायची आणि म्हणायची, "झाली शेंग. पुढचं." आईला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं, पण कुठे पाल्हाळ लागलं ते बरोबर कळायचं.

वॉर्डात खिडकीजवळ एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. काटकुळ्या, पायाच्या जखमेमुळे कितीतरी आठवडे पडून. एका सकाळी त्यांनी हात पांघरुणाखाली लपवला आणि रक्त द्यायला साफ नकार दिला. नर्स वहिनीला म्हणाली, "हे तुमचं खातं. तुम्हीच बघा."

वहिनीने जन्मात कुणाकडे रक्त मागितलं नव्हतं. ती नुसती शेजारी बसली. बाईंनी तिच्या कोटाची कड चाचपली. "टीप उसवलीय. दोरा स्वस्तातला आहे." मग दोऱ्यांवरच बराच वेळ बोलणं झालं. शेवटी बाईंनी हात पुढे केला. "आज देते. पण रोज एवढं नेता, त्याचं करता काय, ते बघून सांगा."

वहिनी खाली गेली आणि खरंच बघत बसली. यंत्राला लागतात काही थेंब, येतात भरलेल्या नळ्या. एकच तपासणी दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी सांगितलेली, तीही एकाच दिवशी. आणि बाईंचं हिमोग्लोबिन हळूहळू उतरत चाललेलं.

दुसऱ्या दिवशी राउंडला त्याचीच चर्चा. मोठे डॉक्टर म्हणाले, "हिचं रक्त जातंय तरी कुठे?"

वहिनी म्हणाली, "बरंचसं आमच्याकडे, सर. तळघरात."

आधी बाई हसल्या, मग बाकीचे. डॉक्टरांनी वहिनीने लिहून आणलेला हिशेब नीट बघितला. "पटलं," ते म्हणाले. "आजपासून जरूर असेल तेव्हाच रक्त काढायचं. पण सगळं खापर नळ्यांवर फोडू नका. पोटात दुर्बीण घालून बघूच." बघितलं, तर पोटात छोटासा अल्सर निघाला, थोडा थोडा वाहणारा.

वहिनी तोंड पाडून घरी आली. "निम्मीच बरोबर निघाले."

"निम्म्याला कमी समजू नकोस," दादा म्हणाला. "या घरात मी तेवढाही नसतो."

खरी कसोटी पुढेच होती. वहिनीने सुचवलं की अशा अशक्त पेशंटांसाठी लहान मुलांच्या छोट्या नळ्या वापराव्यात. डॉक्टर हो म्हणाले. चिडली ती तिचीच लॅब. छोट्या नळ्या यंत्र आपणहून घेत नाही, एकेक हाताने लावावी लागते. लॅबचे प्रमुख, ज्यांना सगळे काका म्हणत, ते म्हणाले, "चार दिवस वर काय गेलीस, वरच्यांचीच झालीस."

हे तिला लागलं. काकांनीच तिला काम शिकवलं होतं, आणि त्यांची तक्रार खोटी नव्हती. ती वाद घालत बसली नाही. म्हणाली, "काका, एकदा वर चला माझ्याबरोबर."

काकांनी पुष्कळ आढेवेढे घेतले, पण आले. वॉर्डात शिरल्यावर हात कुठे ठेवावेत हेही त्यांना कळेना. बाईंनी विचारलं, "हे कोण?"

"तुमचं रक्त यांच्याच हाताखाली तपासतात."

बाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "चांगले धडधाकट दिसता की. मग थोडक्यात भागवा."

काका तडक लिफ्ट पकडून खाली गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र छोट्या नळ्यांसाठी वेगळा स्टँड मांडलेला होता, आणि पहिली नळी स्वतः लावताना काका पुटपुटत होते, "नसती कटकट."

बाईंचं हिमोग्लोबिन आधी उतरायचं थांबलं, मग चढलं, आणि बाई काठी टेकत घरी गेल्या. सुधारणा अल्सरच्या औषधाने झाली की नळ्यांनी, हे वहिनीला छातीठोकपणे सांगता येईना. प्रबंधात तिने तसंच लिहिलं. परीक्षकांनी नेमकं त्याच पानावर तिला धारेवर धरलं, पण तिने तसूभरही जास्त दावा केला नाही, आणि पदवी मिळाली.

आता तिसऱ्या मजल्यावर, पूर्वी जिथे चादरी ठेवत, त्या खोलीत तिचं टेबल आहे. डॉक्टर येता-जाता डोकावतात. आमचे नातेवाईक तिला गुडघे दाखवतात, आणि ती त्यांना हाडांच्या डॉक्टरांकडे पिटाळते. काकाही अधूनमधून वर चक्कर मारतात. कशाला आलात विचारलं तर म्हणतात, खाली फार गारठा असतो, जरा ऊन खायला आलो.