रिकाम्या यादीतली तीन शून्यं

रमाताई वाकोडे यांच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहायला बसलो आणि आधी आठवला तो त्यांच्या पहिल्या तासाचा धक्का. यवतमाळच्या कॉलेजात ताई गणित शिकवत. सोबत एक संगणकभाषाही शिकवत, जिच्यात अख्खी यादी एका दमात हिशेबाला घेता येते. त्या दिवशी त्यांनी दोन रिकाम्या याद्या केल्या. एक अक्षरांची, एक आकड्यांची. "दोन्हीत काहीच नाही. मंग दोन्ही सारख्याच का?" मी छाती काढून "हो" म्हणालो. ताईंनी दोन्हींकडून तीन-तीन गोष्टी मागितल्या. अक्षरांच्या यादीनं तीन कोऱ्या जागा दिल्या, आकड्यांच्या यादीनं चक्क तीन शून्यं! आत काही नसताना ही आली कुठून? यादी रिकामी असली तरी आपण कशाची आहोत हे ती विसरत नाही, आणि सगळ्या भाषा हे मानत नाहीत, असं ताईंनी समजावलं. मी मेकॅनिकचा पोरगा. गंमत वाटली, वहीत उतरवलं आणि विसरलो.

निवृत्तीनंतर ताईंनी गावोगावच्या पाण्यातलं फ्लोराइड तपासायचं काम घेतलं. कळंबला एका खोलीत बाटल्या यायच्या. प्रत्येक हापशीचे तीन नमुने. आकड्यांचा प्रोग्राम माझा, ताईंनी शिकवलेल्या त्याच भाषेत लिहिलेला. प्रत्येक यादीतून तीन आकडे घ्यायचे, सरासरी काढायची, निकाल छापायचा. एकदा ताई बाहेरगावी असताना त्यांच्या तपासणीची वाट न बघता मी निकाल गावांना पाठवून दिला.

परतल्यावर ताई कागद बघून थबकल्या. एका तांड्याच्या हापशीपुढे शून्य होतं, म्हणजे सगळ्यांत चांगलं पाणी.

"सलीम, या तांड्यावर गेलं कोण होतं?"

कोणीच नाही. रस्ता वाहून गेला म्हणून बाटल्या आल्याच नव्हत्या.

"मंग हे शून्य आलं कुठून?"

तेव्हा ती जुनी वही आठवली: आकड्यांच्या रिकाम्या यादीकडे तीन आकडे मागितले, तर ती तीन शून्यंच देते. तांड्याच्या शाळेत फोन लावला, तर दुसऱ्या दिवसापासून शाळेची खिचडी त्याच पाण्यात शिजणार होती. ज्या पाण्यानं दात पिवळे पडतात, हाडं वाकतात, ते पाणी मी न तपासताच पोरांच्या ताटात वाढायला निघालो होतो!

"फोनवर सांगतो," मी पुटपुटलो.

"काहून? कागद आपला चुकला, तं तोंड आपणच दाखवा लागते. चाल माह्यासंग."

शेवटचे दोन कोस आम्ही चिखलातून चाललो. ताईंचं वय तेव्हा सत्तरीच्या पुढं. शाळेपुढे बाया जमल्या. मी तोंड उघडणार, तोच ताई म्हणाल्या, "निकाल तपासाचं काम माह्यं होतं. माह्याच्यानं चुकलं. हे पाणी पोराईले देऊ नका." ज्या कागदाला त्यांचा हातही लागला नव्हता, त्याची चूक त्यांनी सगळ्यांसमोर अंगावर घेतली होती.

एक म्हातारी म्हणाली, "बाई, चुकलं म्हून सांगाले इतक्या दूर कोनी येत नाही."

बाटल्या भरून आणल्या. फ्लोराइड मर्यादेच्या कितीतरी वर निघालं. हापशीला धोक्याचा लाल रंग लागला आणि शाळेला दुसऱ्या विहिरीचं पाणी मिळालं. माझा प्रोग्राम आता आधी यादीची लांबी विचारतो, मगच आकडे मागतो. ताईंनी मात्र ती गोष्ट पुन्हा कधी काढली नाही.

ताई, तुमची प्रकृती ठणठणीत राहो, आमचे कागद तपासायला तुम्ही खूप वर्षं असा. परवा तुमच्या सत्कारासाठी त्या शाळेची पोरं गाण्याची तालीम करत होती. मध्येच कोणीतरी चुकलं आणि सगळी तोंड भरून हसली. मी नुसता त्यांचे पांढरे दात बघत राहिलो.