ज्योतिबाचा रविवार

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात आमच्या ज्योतिबासारखी गोणी उचलणारा दुसरा गडी नव्हता. माझा धाकटा भाऊ हाय म्हणून सांगत नाय, टोळीत कुणालाबी विचारा. पाठीवर तान्हं पोर झोपलंय अन् त्याला उठू द्यायचं नाय, अशी गोणी धरायचा. फळीवरनं ट्रकात चढला तर फळी वाजायची नाय.

असल्या माणसाला नव्व्याण्णव साली मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन करून गाठ काढली, पण लिव्हरवर ठिपके राहिले. मग केमो. ऐरोलीचा पूल नवीनच व्हता. त्यावरनं मी त्याला मुलुंडच्या बाजूला दवाखान्यात न्यायचो. येताना तो बसच्या खिडकीला डोकं टेकून बसायचा. खाली खाडी, भरती उतरलेली, चिखलावर ऊन सांडलेलं.

"दादा, आपण पाण्यावरनंच चाललोय का?"

"व्हय. झोप तू."

खरं सांगतो, मलाबी तसंच वाटायचं.

सलाईन लागली की त्याचे डोळे अर्धे मिटायचे अन् तो बोलायला लागायचा. मार्केट रिकामं दिसतंय म्हणे. सगळ्या गोण्या सुटून वर निघाल्यात, आतला कांदा पिसासारखा झालाय, अन् मुकादम खालनं वरडतोय, आरं धरा, धरा!

"मग तू धरलीस का?"

"नाय. म्हटलं जाऊ दे. लय दिवस एकाखाली एक दबल्या व्हत्या."

डॉक्टर सुचित्रा म्याडमनी आमाला समोर बसवून सांगितलं, केमोबरोबर सुजेवरची एक गोळी देऊन बघू. सांधे धरलेल्या म्हाताऱ्यांना देतात, त्यातलीच. गाठीभोवती सूज असती, त्या सुजेच्या जोरावर गाठ वाढती, असं अभ्यासात दिसायला लागलंय. सूज मारली तर केमोला काम सोपं जाईल.

"पण हा अंदाज आहे," त्या म्हणाल्या. "खात्री मी देत नाही. तुम्ही तयार असाल तरच."

ज्योतिबा मान हलवून मोकळा. मी म्हटलं, "म्याडम, काय टेन्शन नाय. सुजेची गोळी तर आमची अख्खी टोळी पाठदुखीला खाती."

म्याडम हसल्या नाहीत. "सकाळ-संध्याकाळ, भरल्या पोटीच. रिकाम्या पोटी घेतली तर आत जखम होते, रक्त जातं."

आता रविवार म्हंजे ज्योतिबाचा उपास. ज्या देवाचं नाव लावलंय त्याचा वार. साधा उपास नाय, साबुदाणासुद्धा चालत नाय. दिवसभर काळा चहा अन् सोमवारी सकाळी सोडायचा. माझ्या भावानं गोळी चुकवली नाय अन् उपासबी चुकवला नाय. दोन्हीकडं इमानदार! तिसऱ्या रविवारी पोट आवळून भिंतीला टेकला. त्याची बायको उज्वला पळत माझ्याकडं आली.

"भावजी, चला, बघा तुमच्या भावाचं इमान!"

तपासलं तर रक्त गेलं नव्हतं. पण म्याडम चिडल्या. "पुन्हा असं झालं तर गोळी बंद. उपास की गोळी, तुम्हीच ठरवा."

घरी आल्यावर ज्योतिबा म्हणाला, "गोळी सोडतो, दादा. उपास आईचा हाय. जाताना माझ्या हातात देऊन गेली ती."

उज्वलानं तोंड फिरवलं. मी म्हटलं, "म्हंजे उपास हातातनं हातात देता येतो."

"मग?"

"मग टाक इकडं. गडी दमला तर मागचा त्याची गोणी घेत नाय का?"

तो पोट धरून हसला. "तू? तुला शनिवारीच रविवारची भूक लागती. देव बी हसंल."

"हसू दे. थोरला मी हाय. आईचं आधी माझ्याकडंच यायला पायजे व्हतं."

तो उठला. मग देव्हाऱ्यातला गुलाल चिमटीत घेतला, माझ्या कपाळाला लावला अन् हळूच "चांगभलं" म्हणाला.

सहा महिन्यांनी परत तपासलं. ठिपके वाढले नव्हते. म्याडम म्हणाल्या, केमोनं थांबले की गोळीनं, ते एका माणसावरून ठरत नाही. एक माणूस! आमचा ज्योतिबा म्हंजे काय नुसता एक माणूस हाय?

उपास माझ्याकडं आला, त्या पहिल्या रविवारी मी त्याच्यासमोर जाऊन बसलो व्हतो. उज्वलानं ताट वाढलं. तो ताटाला हात लावंना, नुसता माझ्याकडं बघत राहिला.

"खा की. देवाला कळतं कुणाचं पोट रिकामं हाय ते."

त्यानं भाकरी मोडली. सावकाश खाल्ली, गोळी घेतली, आडवा झाला. दुपार कलली. पडदा फुगायचा, बसायचा. उपाशी पोटी मला सगळं लांब लांब दिसाय लागलं, पंखा, भिंत, माझेच पाय.

"दादा," तो डोळे मिटूनच म्हणाला, "भूक लागली?"

"छ्या! भूक कसली?"

तेवढ्यात माझं पोट असं गुरगुरलं की आत उज्वला खदखदून हसली. ज्योतिबा हसतच कुशीवर वळला अन् झोपला.