सावजाची पट्टी

शिराळ्याच्या वरच्या डोंगरपट्ट्यात रानातल्या जनावरांना आवतण देऊन पीक खाऊ घालणारा शेतकरी एकच झाला, आणि ते माझे मामेसासरे. बाकीचे कुंपण घालत, डबे वाजवत, बुजगावणी उभी करत. मामा मात्र जंगलाच्या कडेच्या पट्टीत दर वर्षी हरभरा पेरत आणि भेकरांना सोयीचं जावं म्हणून बांधावरची काटेरी झुडपं स्वतः तोडत. फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस. पेरणीची तासं इतकी सरळ की भेकरांनी परेड करतच चरावं.

वारा पाहिल्याशिवाय ते कुठेही बसत नसत. माझ्या लग्नात, सांगलीच्या कार्यालयात, त्यांनी ताटातली चिमूटभर हळद उचलून पंख्याखाली सोडली. ती माझ्या वडिलांच्या पांढऱ्या टोपीवर उतरली. मामा शांतपणे खुर्ची उचलून पलीकडे गेले. "वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसावं, सूनबाई. आपला वास म्होरं जाऊ नये." नवरीला त्यांनी केलेला उपदेश एवढाच.

ही सवय शिकारीतली. त्या तुकड्याचं नावच सावजाची पट्टी. मामांच्या वडिलांनी तिथे हरभरा पेरायला घेतला तो भेकरं यावीत आणि मचाणासारख्या माळ्यावरून बंदुकीचा बार टाकता यावा म्हणून. तरुणपणी सुट्टीवर आले की मामाही त्याच माळ्यावर बसत. पुढे शिकार बंद झाली, बंदूक जमा झाली, माळा मोडला. पेरणी चालूच राहिली. मी एकदा कारण विचारलं. "आईनं पिलाला हितं आणलं, त्या पिलानं त्याच्या पिलाला," मामा म्हणाले. "त्यांची वाट आमीच लावली. आता पेरलं न्हाई तर खाली लोकांच्या उसात उतरत्यात. तिथं फास हायती."

गेल्या वर्षी ऐन पेरणीत मामांचं खुब्याचं हाड मोडलं. सांगलीच्या दवाखान्यात मी वहीत यादी करून हजर झाले: एक्स-रे, रक्त, डबा, चप्पल. त्यांनी वही मागून घेतली आणि सगळ्यांत वर लिहिलं, हरभरा.

त्यांच्या मुलाने मला व्हरांड्यात गाठलं. "वैनी, मी तिथं ऊस लावणार हाय. त्यास्नी सांगा पेरलं म्हणून. हितनं कुठं दिसतंय?"

न झालेल्या कामापुढे मी आजवर बरोबरची खूण केलेली नाही. तसं त्याला सांगितलं, दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर एसटीत बसले आणि बियाणं संपेपर्यंत बांधावर उभी राहिले. "आवं, बसा तरी," तो दोनदा म्हणाला. त्याने रागारागाने पेरलं, तासं वाकडीतिकडी आली.

सांगलीला परतून मामांना वही दाखवली. त्यांनी खुणेवरून बोट फिरवलं. "तासं सरळ हायती न्हवं?"

"हो," मी म्हणाले.

मामा त्या दवाखान्यातून घरी आलेच नाहीत.

पौषातल्या एका सकाळी मी त्यांच्या मुलाबरोबर पट्टीवर गेले. हरभऱ्याचे शेंडे खुडलेले होते आणि त्या वाकड्या तासांमधून बारीक खुरांचे ठसे गेले होते. मी वही काढत होते. तेवढ्यात त्याने बांधावरची चिमूटभर माती उचलली, बोटांतून हळूच सोडली आणि मला हाताने खुणावलं.

"वैनी, इकडं या. वारं आपल्याकडनं रानाकडं चाललंय."