वहिनीचे मफिन आणि आमची गल्ली

आमच्या घरचे किस्से आम्हाला सांगावे लागत नाहीत. जळगावात भाजी घ्यायला गेलो तरी कोणीतरी थांबवून मला माझ्याच घरातला किस्सा सांगतं. मी मान खाली घालून ऐकतो आणि मेथी घेऊन येतो.

सुरुवात वहिनीच्या गोल ओव्हनपासून झाली. लग्नात धुळ्याहून आला. रविवारी नाश्त्याला ती मफिन करायची, वरून तूप आणि दालचिनी-साखर. माझे वडील, म्हणजे आबा, म्हणाले, "सकाळी सकाळी गोड? घरात कोणी आजारी आहे का?" आणि भाकरी-ठेचा घेऊन बसले. वहिनीने मात्र माहेरी सांगून टाकलं होतं, "आबांना माझ्या मफिनशिवाय चालत नाही." आता तिचे आईवडील बघायला येणार होते.

मफिनचे साचे नव्हते, म्हणून तिने स्टीलच्या वाट्या वापरल्या. मफिन फुगले, पण वाटी सोडेनात. शेजारच्या नानांनी चमचा लावला, मग पेचकस लावला. शेवटी "घरी सावकाश खातो" म्हणत वाटीसकट गेले.

शेजाऱ्याची वाटी रिकामी परत देऊ नये म्हणतात. दोन दिवसांनी नानांनी वाटी परत दिली. आत आमचाच मफिन होता.

मग अंड्यावरून झालं. आई म्हणाली, "माझ्या स्वयंपाकघरात अंडं फुटणार नाही." म्हणून ओव्हन बाहेर ओट्यावर, वायर खिडकीतून. अख्ख्या गल्लीसमोर वहिनी पदर सावरत अंडी फेटायची आणि दादा आत पेपरमागे तोंड लपवून बसायचा.

समोरच्या अक्का ओट्यावर येऊन बसल्या. "हाई मोठा कुकर शे का? शिट्टी कव्हय व्हई?"

मी म्हणालो, "नऊ वाजता."

अक्का हलेनात. वहिनी लाजेने अर्धी झाली. शेवटी नऊ वाजता मीच खिडकीमागून शिट्टी वाजवली. अक्का म्हणाल्या, "व्हयनं," म्हणजे झालं, आणि घरी गेल्या.

पुढच्या रविवारी ओव्हन लावला आणि गल्लीतली लाइट गेली. ऐन टीव्हीच्या वेळेला. सगळी गल्ली आमच्या ओट्याशी जमली. सगळे नुसते मफिनकडे बघत उभे राहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून ओव्हन लावायच्या आधी आबा दारोदार जायचे. रिटायर हेडमास्तर, धोतर, टोपी. "सूनबाई नाश्ता करतेय. तेवढ्यापुरती इस्त्री लावू नका." परत आले की टोपी काढून भिंतीकडे तोंड करून बसायचे.

आणि शेवटी धुळ्याचे पाहुणे आले. त्या दिवशी मफिन असे झाले होते की बेकरीवाल्याने बघत राहावं. लाइट होती. वाट्यांना आतून तूप चोपडलेलं होतं. आईने पाहुण्यांसाठी वेगळी शेवभाजी-भाकरीही केली होती. आबा आता भाकरीच उचलणार, या भीतीने वहिनीला ते बघूनच रडू येत होतं.

वहिनीची आई म्हणाली, "आबासाहेब, आधी तुम्ही घ्या. पोरगी सारखी सांगते, तुम्हाला याच्याशिवाय चालत नाही."

आबांनी मफिनकडे पाहिलं. मग वहिनीकडे. ती फरशीकडे बघत होती.

आबांनी ताट ओढलं. दोन मफिन घेतले आणि भाकरी चुरतात तसे बारीक चुरले. वर शेवभाजीचा लाल रस्सा ओतला. बुक्कीने कांदा फोडला आणि जेवायला लागले.

आईने पदर तोंडावर घेतला. दादा भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला. मी पाण्याचा तांब्या आबांजवळ सरकवला.

आबांनी ताट पुसून घेतलं, कपाळावरचा घाम टिपला आणि शांतपणे म्हणाले, "रोज असंच खातो."

वहिनीचे वडील तात्या आपल्या ताटातल्या मफिनकडे बघत राहिले. मग त्यांनी बाह्या वर केल्या आणि तो चुरायला घेतला.

"विहीणबाई," ते म्हणाले, "मले बी रस्सा वाढा."