परळच्या वाटेवर निखळलेली धाव

प्लेगच्या आधीची ही गोष्ट, दोन-तीन वर्षं आधीची असेल. मी अकरा वर्षांची होते आणि आम्ही गिरगावात राहत होतो. आईचे गुडघे धरले होते. भिंतीचा आधार घेऊनसुद्धा तिला चार पावलं टाकता येत नव्हती. वैद्यांनी सगळे लेप करून पाहिले आणि शेवटी सांगितलं, हिला वज्रेश्वरीच्या गरम कुंडात तीन आठवडे बसवा. तिथवर आगगाडी जात नव्हती. म्हणून वडिलांनी एक मोठी बैलगाडी ठरवली आणि तिचं घरच करून टाकलं. वर बांबूच्या कमानींवर दुहेरी चटया, आत पेंढ्यावर गादी, कोपऱ्यात शेगडी, तांदळाचा डबा, लोणच्याची बरणी, आणि पुढच्या बांबूला बांधलेली देवांची पेटी. चार दिवस या घरात राहायचं म्हणून मी हरखून गेले होते.

घर लालबागपर्यंत नीट चाललं. परळ जवळ आलं तसं उजवं चाक एका दगडावरून उतरलं आणि खण्णकन आवाज झाला. लाकडी चाकावरची लोखंडी धाव सांध्याशी तुटली आणि उसळून रस्त्याच्या कडेला जाऊन पडली. गाडी कलली. बरणी फुटून लोणच्याचं तेल माझ्या परकरावर आलं. आई गादीसकट घसरत खाली गेली आणि तिथंच अडकून राहिली. ती ओरडली नाही. नुसती म्हणाली, "अहो, मला धरा."

वडील कचेरीत लेखणी चालवणारे. त्यांनी तिला धरलं, पण उचलता येईना. गाडीवानानं बैल सोडले, चाकाकडे एकदा पाहिलं आणि रस्त्यापलीकडच्या माळाकडे धावत गेला. तिथं घिसाडी लोकांच्या दोन गाड्या उभ्या होत्या. गावोगाव फिरून लोखंडाची कामं करणारे हे लोक. गाडीतच त्यांचा संसार. तिथून एक माणूस आला आणि त्याच्या मागून त्याची बायको. बाई शिडशिडीत, काळीसावळी, पदर कमरेला खोचलेला.

नवऱ्यानं चाक हलवून पाहिलं. "धाव कापून जोडायला हवी. चाक काढू, पण माणूस आत नको."

"तिला चालता येत नाही हो," वडील म्हणाले.

बाई सरळ गाडीत शिरली. एक हात आईच्या पाठीखाली आणि एक गुडघ्यांखाली घालून तिनं आईला उचललं. आमची आई अंगानं काही लहान नव्हती. एरवी परक्याचा नुसता पदर लागला तरी न्हाणारी. ती त्या बाईच्या गळ्यात हात टाकून, डोळे गच्च मिटून, रस्ता ओलांडून गेली. बाईनं तिला आपल्या गाडीत, आपल्या गोधडीवर ठेवलं. शेजारी फडक्याच्या झोळीत एक तान्हं मूल झोपलं होतं.

मग काम सुरू झालं. नवऱ्यानं भाता चालवून लोखंड लाल केलं आणि सांडशीनं ऐरणीवर धरलं. त्याच्या हातात लहान हातोडी. तो जिथं टकटक करून दाखवी तिथं बाईचा घण पडे. दोन्ही हातांनी डोक्यामागून आणलेला घण, बोटभर जागेवर, एकदाही न चुकता. ठिणग्या तिच्या पायांवर उडत होत्या. मी तोंड उघडं टाकून पाहत राहिले. बाईमाणसाच्या अंगात एवढं बळ असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मूल रडलं तशी ती घण ठेवून आली, हात पुसले आणि त्याला पाजायला बसली.

"बाळंत होऊन किती दिवस झाले गं?" आईनं विचारलं.

"आज बारावा, मावशी."

आई तिच्याकडे बघतच राहिली. आमच्याकडे बाराव्या दिवशी बाळंतीण अंधाऱ्या खोलीत शेकशेगडीजवळ असे. "अगं, बस की जरा," आई म्हणाली. "मग घण तुम्ही उचलता का?" असं विचारून बाई इतकी मोकळी हसली की आईलाही हसू आलं. उठताना तिनं मूल झोळीत ठेवलं नाही, सरळ आईच्या मांडीवर दिलं. आईनं ते घेतलं.

धाव चाकाहून किंचित लहान झाली होती. ती तापून पसरावी म्हणून तिच्यावर गोवऱ्यांचं कडं रचून पेटवलं. "पाणी आणून ठेवा, मालक, भरपूर," नवरा म्हणाला. वडिलांनी धोतर खोचलं. जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्या हातात घागर पाहिली. माळाच्या कडेच्या तळ्यावर ते आणि मी आठ-दहा खेपा केल्या.

धाव लालबुंद झाली तेव्हा नवरा, बाई आणि गाडीवान यांनी तीन बाजूंनी सांडशांनी ती उचलली आणि जमिनीवर आडव्या ठेवलेल्या चाकावर बसवली. लाकडानं भपकन पेट घेतला. "पाणी!" बाई ओरडली. आम्ही घागरी ओतल्या. वाफेचा असा लोट उठला की समोरची गिरणीची चिमणी दिसेना, आणि त्या वाफेच्या आत चाक कण्हायला लागलं. लोखंड आवळत होतं आणि सुटे झालेले आरे एकेक करून करकरत घट्ट बसत होते. वडिलांच्या हातून रिकामी घागर गळून पडली. "वा!" ते म्हणाले.

वाफ विरली तेव्हा मी आईकडे पाहिलं. तिनं मुलाचं डोकं पदराखाली झाकलं होतं आणि ती चाकाकडे नाही, त्या बाईकडे पाहत होती. गुडघ्यांसाठी घेतलेला डिंकाच्या लाडवांचा डबा तिनं माझ्याकडून मागवून घेतला आणि अख्खा त्या बाईच्या हातात दिला. "रोज दोन खा. कुणाला वाटू नकोस." न्हाण्याचं नाव तिनं त्या दिवशी काढलं नाही.

दुपार कलताना आम्ही दादरकडे निघालो. ते चाक वज्रेश्वरीपर्यंत गेलं आणि परतही आलं. कुंडानं आईला काठीच्या आधारानं चालण्याइतकं बरं केलं. येताना परळला तिनं गाडी थांबवायला लावली आणि काठी टेकत माळापर्यंत स्वतः चालत गेली. तिथं राखेचं एक मोठं वाटोळं वर्तुळ होतं, बाकी कुणी नव्हतं.